सेटमध्ये दिसतंय, पण कंटेन्स म्हणतं 'नाही'! (ऑब्जेक्ट साठवणे आणि शोधणे)

अर्धविराम

मंडळी,

जावामध्ये आकृत्या काढायचा एक छोटा प्रोग्रॅम लिहितोय. कॅनव्हासवर बिंदू ठेवायचे, माउसने ओढून हलवायचे, रेषांनी जोडायचे, एवढंच. निवडलेले बिंदू एका हॅशसेटमध्ये (एकच वस्तू दोनदा न ठेवणारा संग्रह) ठेवतो. बिंदूच्या क्लासमध्ये एक्स आणि वाय अशी दोन फील्ड्स आहेत. इक्वल्स (दोन ऑब्जेक्ट समान आहेत का ते सांगणारी मेथड) आणि हॅशकोड (ऑब्जेक्टवरून एक संख्या काढणारी मेथड) आयडीईकडूनच, म्हणजे कोड लिहायच्या सॉफ्टवेअरकडूनच, तयार करून घेतलेत.

आता गंमत बघा. (३, ४०) वरचा बिंदू निवडला, तो सेटमध्ये गेला. ओढून (५, ४०) वर नेला. मग त्याच बिंदूसाठी कंटेन्स ('हा आत आहे का?') विचारलं तर उत्तर फॉल्स. रिमूव्ह केलं तर काहीच होत नाही. पण फॉर लूप लावून सेट छापला की पठ्ठ्या हजर! लूपमध्ये == (तोच ऑब्जेक्ट आहे का) लावून पाहिलं, तेही ट्रू. म्हणजे ऑब्जेक्ट तोच, सेट तोच, आणि सेट म्हणतो मी ह्याला ओळखत नाही. बिंदू परत (३, ४०) वर आणला की मात्र लगेच सापडतो.

तूर्तास हॅशसेट काढून अ‍ॅरेलिस्ट टाकली आहे. उत्तरं बरोबर येतात, पण बिंदू काही हजारांच्या पुढे गेले की ओढताना स्क्रीन अडखळते.

तर हे असं का होतं, आणि कोणत्या वेळी कोणतं कलेक्शन घ्यायचं याचा काही ठोकताळा आहे का?

मधलीसुट्टी

रुमाल टाकून ठेवतो. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

बाकीशून्य

सेट खोटं बोलत नाहीये. तुम्ही दिलेल्या पत्त्यावर तो जाऊन बघतो, आणि तिथे कोणी राहत नाही.

तुमचेच आकडे घेऊ. हॅशसेटच्या पोटात हॅशमॅपच (की आणि तिची व्हॅल्यू अशा नोंदी ठेवणारा संग्रह) असतो. नव्या हॅशमॅपचं टेबल १६ बकेट्सचं, म्हणजे खणांचं; कोणती नोंद कोणत्या खणात ते हॅशकोडवरून ठरतं. आयडीईने लिहिलेला हॅशकोड बहुधा ऑब्जेक्ट्स डॉट हॅश वापरत असणार, म्हणजे दोन पूर्णांकांसाठी तो ९६१ + ३१ × एक्स + वाय एवढा येतो. (३, ४०) साठी हा १०९४. जावा त्या संख्येचे वरचे १६ बिट खालच्यांत मिसळते, पण एवढ्या लहान संख्येला त्याने फरक पडत नाही. १०९४ ला १६ ने भागून बाकी ६, म्हणून बिंदू ६ नंबरच्या बकेटमध्ये गेला.

तुम्ही तो (५, ४०) वर नेलात. नवा हॅशकोड ११५६, बाकी ४. कंटेन्स बघायला गेलं ४ नंबरच्या बकेटमध्ये. बिंदू बसलाय ६ मध्ये. त्याला उठवून ४ मध्ये बसवायचं कोणी सांगितलंच नाही, कारण एक्स बदलल्याची सेटला खबरच नसते. फॉर लूप सगळ्या बकेट्स ओळीने चाळतो, हॅश काढतच नाही, म्हणून त्याला दिसतो.

शून्यापासून

छान समजावलंत. एक शंका. समजा बिंदू अशा जागी नेला की नव्या हॅशकोडलाही बाकी ६ च उरते, तर? तेव्हा तरी सापडायला हवा ना?

बाकीशून्य

तरी नाही. (३, ५६) घ्या. हॅशकोड १११०, बाकी ६, म्हणजे बकेट बरोबर. पण हॅशमॅप प्रत्येक नोंदीसोबत ती टाकली तेव्हाचा पूर्ण हॅश लिहून ठेवतो. शोधताना आधी हे दोन हॅश जुळतात का ते बघतो, आणि जुळले तरच == किंवा इक्वल्सपर्यंत जातो. लिहून ठेवलेला १०९४, विचारलेला १११०. तिथेच विषय संपला. ऑब्जेक्ट अगदी तोच असला तरी तुलनेची पाळी येत नाही. अर्धविराम यांना == ट्रू मिळूनही कंटेन्स फॉल्स आलं ते यामुळे.

शून्यापासून

आणि टेबल मोठं होताना सगळं नव्याने मांडतात ना? १६ च्या पाऊण म्हणजे १२, तेराव्या नोंदीला टेबल ३२ चं होतं असं वाचलंय. तेव्हा आपोआप दुरुस्त होईल का?

बाकीशून्य

मांडणी नव्याने होते, पण त्याच लिहून ठेवलेल्या हॅशवरून. प्रत्येक ऑब्जेक्टला हॅशकोड पुन्हा विचारत नाहीत, ते महागात पडेल. त्यामुळे जुना घोळ नव्या टेबलात जसाच्या तसा जातो.

याहून वाईट पुढे आहे. हलवलेला बिंदू पुन्हा अ‍ॅड करून बघा. अ‍ॅड ट्रू देईल आणि साइज २ होईल. एकच ऑब्जेक्ट एकाच सेटमध्ये दोनदा! एका वेळी एकच प्रत ठेवायची हे ज्याचं एकमेव काम, त्याच्याकडून.

तळटीप

अवांतर: वरच्या सूत्रात एक्स १ ने वाढवला आणि वाय ३१ ने कमी केला तर हॅशकोड तोच राहतो. (३, ४०) वरून (४, ९) वर न्या, तेव्हाही १०९४. म्हणजे तिथे नेलेला बिंदू बिनबोभाट सापडेल. असे बग टेस्टिंगमध्ये कधी येतात, कधी नाही, आणि मग लोक मल्टिथ्रेडिंगला शिव्या देत बसतात.

जुनाखोंड

एवढा काथ्याकूट कशाला? बिंदूच्या क्लासमध्येच 'निवडलेला' नावाचा बूलियन (हो/नाही एवढंच सांगणारं फील्ड) ठेवा. सेट नको, हॅश नको. आम्ही वर्षानुवर्षं असंच करत आलो.

बाकीशून्य

एकाच खिडकीत एकच निवड असेल तर जुनाखोंड म्हणतात ते खरोखर सगळ्यात स्वस्त. पण तोच कॅनव्हास दोन खिडक्यांत उघडला आणि प्रत्येकीत वेगळी निवड असली की बूलियन पुरत नाही. निवड हा बिंदूचा गुण नाही, बघणाऱ्याचा आहे.

अर्धविराम

दोन खिडक्या आहेतच, शेजारी शेजारी. त्यामुळे बूलियन बाद. मग हॅशकोडमधून एक्स-वाय काढून टाकू का? काढले तर उरतं काय?

बाकीशून्य

काहीच उरायला नको. तुमच्या प्रोग्रॅममध्ये इक्वल्स आणि हॅशकोड दोन्ही पुसून टाका, गाडी रुळावर येईल. ऑब्जेक्ट क्लासकडून वारशाने येणारं इक्वल्स फक्त 'हा तोच ऑब्जेक्ट आहे का' एवढंच विचारतं, आणि त्याच्या जोडीचा हॅशकोड ऑब्जेक्ट कितीही बदलला तरी बदलत नाही.

कलेक्शन निवडायच्या आधी एक गोष्ट ठरवावी लागते: माझ्या प्रोग्रॅममध्ये दोन वस्तू 'एकच' कधी मानायच्या? कॅनव्हासवर एकाच जागी दोन बिंदू एकमेकांवर आले तर ते दोन आहेत की एक? तुमच्याकडे ते दोन आहेत, कारण एकाला ओढून बाजूला काढता आलं पाहिजे. म्हणजे बिंदूची ओळख त्याच्या जागेवर ठरत नाही. पण आयडीईला हे कुठून कळणार? त्याने दिसतील ती सगळी फील्ड्स घेऊन इक्वल्स पाडून दिलं. आयडीईचं ते बटण हा माझ्या मते अशा निम्म्या बगांचा उगम आहे.

याउलट (३, ४०) हे नुसते निर्देशांक असतील, तर दोन (३, ४०) मध्ये फरक करायचं कारणच नाही. त्यासाठी वेगळा न बदलणारा क्लास करा. जावा १६ पासून रेकॉर्ड आहेत, त्यांना इक्वल्स आणि हॅशकोड फुकटात मिळतात आणि फील्ड्स बदलता येत नाहीत. बिंदूच्या पोटात एक 'जागा' नावाचं रेकॉर्ड ठेवा. ओढलं की जुनी जागा फेकून नवी लावा. बिंदू तोच, जागा नवी.

तळटीप

+१. भर एवढीच घालतो की न बदलणाऱ्या रेकॉर्डच्या आत अ‍ॅरेलिस्ट ठेवली तर सगळं मुसळ केरात. रेकॉर्डचा हॅशकोड त्या लिस्टच्या हॅशकोडवरून बनतो आणि लिस्टमध्ये काहीही टाकता येतं. बाहेरून कुलूप, मागचं दार सताड उघडं.

क्लास दुसऱ्याचा आहे आणि इक्वल्स पुसता येत नाही अशी अडचण असेल तर आयडेंटिटीहॅशमॅप आहे. कलेक्शन्सच्या न्यूसेटफ्रॉममॅपमधून त्याचा सेटही करून मिळतो. तो इक्वल्सकडे ढुंकून बघत नाही, थेट == वापरतो.

मधलीसुट्टी

वाखू (वाचनखूण) साठवली. आमच्याकडे असाच प्रकार डेटाबेसच्या एन्टिटी ऑब्जेक्टचा (डेटाबेसमधल्या एका नोंदीसाठीचा ऑब्जेक्ट) झाला होता. इक्वल्स आणि हॅशकोड फक्त आयडीवर होते. आयडी कधी बदलत नाही म्हणून सगळे निर्धास्त. आणि सेव्ह केल्यावर सेटमधून ऑब्जेक्ट गायब!

बाकीशून्य

आयडी एकदा बदलतोच: सेव्ह होताना. आधी नल (काहीच नाही), मग डेटाबेसने दिलेला आकडा. नव्या ऑब्जेक्ट्सचा सेट भरला, सेव्ह केलं, की सगळ्यांचे हॅश एका झटक्यात बदलले. त्यात नल आयडी असलेले दोन नवे ऑब्जेक्ट इक्वल्सने एकच ठरत असतील तर दुसरा सेटमध्ये शिरलाच नसणार, ते आणखी वेगळं दुखणं.

वाटा दोन. आयडी डेटाबेसकडून न घेता ऑब्जेक्ट तयार होतानाच द्यायचा, यूयूआयडी (दुसऱ्या कशाशी न जुळणारा लांबलचक क्रमांक) वगैरे. किंवा इक्वल्स आयडीवर ठेवून हॅशकोड त्या क्लाससाठी एकच ठराविक संख्या परत द्यायची.

शून्यापासून

ठराविक संख्या? सगळ्यांचा हॅशकोड सारखा? असं चालतं का?

बाकीशून्य

चालतं. नियम एकाच बाजूने आहे: इक्वल्सने समान असतील त्यांचे हॅशकोड समान हवेत. उलट नाही. असमान ऑब्जेक्ट्सचे हॅशकोड समान आले तर फक्त वेग जातो, उत्तर चुकत नाही. सेटमध्ये पाच-पंचवीस एन्टिटी असतील तर तो वेग कोणाच्या लक्षातही येणार नाही. लाखभर असतील तर मात्र हा उपाय करू नका.

जुनाखोंड

समान हॅशवरून आठवलं. जावात 'Aa' आणि 'BB' या स्ट्रिंग्जचा...

संपादक मंडळ

जुनाखोंड, धाग्यात देवनागरीच वापरावी ही विनंती.

जुनाखोंड

बरं. कॅपिटल ए आणि स्मॉल ए अशी दोन अक्षरांची स्ट्रिंग, आणि दोन कॅपिटल बी अशी दुसरी. पहिली ६५ × ३१ + ९७, दुसरी ६६ × ३१ + ६६. दोन्ही २११२. आता या दोन तुकड्यांची हवी तेवढी लांब माळ करा. १० तुकड्यांच्या १०२४ वेगवेगळ्या स्ट्रिंग्ज होतात आणि सगळ्यांचा हॅशकोड एकच. वेब सर्व्हर फॉर्ममधली नावं हॅशमॅपमध्ये भरत असेल तर बाहेरचा कोणीही मुद्दाम अशी नावं पाठवून सर्व्हर गुडघ्यावर आणू शकतो. २०११ च्या डिसेंबरमध्ये जर्मनीतल्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये हे जाहीरपणे मांडलं गेलं आणि एकामागून एक भाषांना दुरुस्त्या कराव्या लागल्या. हॅश म्हणजे जादू समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

तळटीप

त्या दुरुस्त्या बघण्यासारख्या आहेत, कारण प्रत्येकाने वेगळा रस्ता धरला. पायथनने ३.३ पासून स्ट्रिंगचा हॅश दर वेळी प्रोग्रॅम सुरू होताना वेगळा यावा असं केलं. म्हणून पायथनमधला स्ट्रिंगचा हॅश फाइलमध्ये लिहून ठेवून उद्या वापरायचा विचार करू नका, उद्या तो वेगळा असेल. जावाला हे शक्यच नव्हतं. स्ट्रिंगच्या हॅशकोडचं सूत्र तिथे दस्तऐवजातच छापलेलं आहे, लोक त्यावर विसंबून आहेत. मग जावा ८ मध्ये त्यांनी बकेटच सुधारली. एका बकेटमध्ये नोंदी ८ च्या पुढे गेल्या आणि टेबल किमान ६४ चं असेल, तर साखळीऐवजी रेड-ब्लॅक ट्री (स्वतःचा तोल राखणारी, झाडासारखी क्रमवार मांडणी). स्ट्रिंगसारख्या क्रम लावता येणाऱ्या कीज असतील तर हजार नोंदी एका बकेटमध्ये आल्या तरी दहा-पंधरा तुलनांत काम होतं. रस्टने तर पहिल्या स्थिर आवृत्तीपासून सिपहॅश (गुप्त किल्ली वापरणारं हॅशचं सूत्र) घेतला, थोडा हळू पण अंदाज न बांधता येणारा.

अर्धविराम

इक्वल्स-हॅशकोड उडवले, बिंदू सापडायला लागले. बाकीशून्य, दंडवत. आता वेगाबद्दल बोलू. अ‍ॅरेलिस्टने एवढं का अडखळावं? दहा हजार बिंदू म्हणजे संगणकाला किस झाड की पत्ती.

बाकीशून्य

दहा हजार बिंदू किरकोळ आहेत, पण तुम्ही दर फ्रेमला प्रत्येक बिंदूसाठी 'हा निवडलाय का' असं लिस्टला विचारत असणार, रंग वेगळा द्यायला. लिस्टचं कंटेन्स पहिल्यापासून एकेकाशी इक्वल्स करत जातं. दहा हजारांची लिस्ट आणि दहा हजार प्रश्न. सापडणारा बिंदू सरासरी मध्यावर सापडतो असं धरलं तरी एका फ्रेमला ५ कोटी तुलना. सेकंदाला ६० फ्रेम हव्यात. आता बोला.

जुनाखोंड

म्हणून लगेच 'लिस्ट वाईट' असा निष्कर्ष काढू नका. पाच-दहा वस्तूंसाठी सरळ लिस्ट चाळणं अनेकदा हॅशपेक्षा वेगवान असतं. सगळे संदर्भ मेमरीत एकाला लागून एक, प्रोसेसरच्या कॅशला आवडतं तसं. शिवाय हॅशमॅपच्या प्रत्येक नोंदीला वेगळा नोड लागतो, नेहमीच्या ६४ बिट जेव्हीएमवर (जावा प्रोग्रॅम चालवणारी प्रणाली) पॉइंटर दाबलेले, म्हणजे कमी जागेत बसवलेले, असताना ३२ बाइट्स, आणि टेबलातला खण वेगळा. सगळीकडे हॅशमॅप पेरणाऱ्यांच्या प्रोग्रॅमची मेमरी बघा एकदा.

बाकीशून्य

सहमत. म्हणून ठोकताळा विचारलात तर मी आधी विचारतो, शोधायचं कशावरून? 'हीच वस्तू आहे का' असा प्रश्न असेल आणि वस्तू बऱ्याच असतील तर हॅश. 'याच्या लगेच पुढचा कोण' किंवा 'अमुक ते तमुक यांमधले सगळे' असा प्रश्न असेल तर हॅशचा काडीचा उपयोग नाही, कारण हॅश शेजारपण मुद्दाम मोडतो. तिथे ट्रीमॅप (कीज क्रमाने ठेवणारा मॅप), त्याच्याकडे फ्लोअरकी, सीलिंगकी आहेत. डेटा एकदाच भरून नंतर नुसता वाचायचा असेल तर क्रम लावलेला अ‍ॅरे आणि बायनरी सर्च (दर वेळी निम्मा भाग वगळत शोधणं). दहा लाखांत साधारण २० तुलना. फक्त क्रम न लावता बायनरी सर्च चालवलं तर एरर येत नाही, काहीबाही उत्तर येतं, हे ध्यानात असू द्या.

तळटीप

ट्रीमॅपवाल्यांना एक इशारा. हॅशसेट समानता ठरवतो इक्वल्सवरून, ट्रीसेट ठरवतो कम्पेअरटूवरून (लहान-मोठं ठरवणारी मेथड). दोघांचं एकमत असेलच असं नाही. बिगडेसिमलमध्ये २.० आणि २.०० घ्या. हॅशसेटमध्ये टाकले तर साइज २, ट्रीसेटमध्ये टाकले तर साइज १. इक्वल्स दशांश स्थळं मोजतं, कम्पेअरटू फक्त किंमत बघतं. कोणीतरी 'क्रमाने छापायचंय' म्हणून हॅशसेटच्या जागी ट्रीसेट ठेवतो आणि नोंदी कमी भरतात.

तसंच नावाच्या लांबीवर कम्पॅरेटर (क्रम ठरवणारा नियम) लिहून ट्रीसेट बनवाल तर पाच अक्षरांचं एकच नाव आत राहील, पुढची सगळी पाच अक्षरी नावं 'आधीच आहे' म्हणून परत पाठवली जातील.

मधलीसुट्टी

हे दुसरं प्रत्यक्ष पाहिलंय. कम्पॅरेटरमध्ये बरोबरी झाली की आयडी बघायचा, एवढं केलं की सुटतं.

शून्यापासून

पायथनमध्ये मी बिंदूचा डेटाक्लास केला आणि सेटमध्ये टाकायला गेलो तर 'अनहॅशेबल' म्हणून टाइपएरर. जावाने निदान आत तरी घेतलं!

बाकीशून्य

आत घेऊन नंतर हरवण्यापेक्षा दारातच अडवलेलं बरं. पायथनमध्ये क्लासला स्वतःचं ईक्यू (तिथलं इक्वल्स) दिलं आणि हॅश दिलं नाही, तर भाषा त्याचं हॅशिंग बंद करते. डेटाक्लास ईक्यू आपणहून बनवतो, म्हणून तुम्हाला एरर. डेटाक्लासला फ्रोझन ट्रू सांगा, फील्ड्स गोठतात आणि हॅश मिळतो. लिस्टला की करता येत नाही, टपलला (न बदलणारी यादी) येतं, आणि टपलच्या पोटात लिस्ट असेल तर पुन्हा नाही. वर तळटीप यांनी जे मागचं दार दाखवलं, ते पायथन इथे बंद ठेवतं.

तळटीप

पायथनची एक खोडी: १, १.० आणि ट्रू या तिन्ही कीज एकच आहेत. डिक्शनरीत १ च्या नावाने 'अ' ठेवा, मग ट्रूच्या नावाने 'ब' ठेवा. नोंद एकच उरते, की १ आणि व्हॅल्यू 'ब'. की पहिली राहते, व्हॅल्यू शेवटची.

जावात नेमकं उलटं. लाँग की असलेल्या मॅपला गेट करताना साधा ५ दिला तर तो इंटिजर होऊन जातो, लाँग ५ आणि इंटिजर ५ इक्वल्सने समान नाहीत, आणि हातात नल. कंपायलर तोंडातून चकार शब्द काढत नाही, कारण गेट कुठलाही ऑब्जेक्ट घेतं.

खिडकीतून

जावास्क्रिप्टवाल्यांनी काय करावं? मी साध्या ऑब्जेक्टलाच मॅपसारखं वापरून बिंदू की म्हणून देत होतो. सगळे बिंदू एकमेकांवर लिहिले जात होते.

बाकीशून्य

साध्या ऑब्जेक्टची की स्ट्रिंग किंवा सिम्बॉलच असते. तुमच्या प्रत्येक बिंदूची स्ट्रिंग झाली 'ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट', कंसासकट. सगळ्यांची तीच. २०१५ पासून खरा मॅप आहे, त्यात ऑब्जेक्ट थेट की होतो. पण तो फक्त ओळख बघतो. एक्स ३, वाय ४० असे दोन वेगळे ऑब्जेक्ट लिहिलेत तर त्या दोन वेगळ्या कीज, आणि इक्वल्स लिहून ते बदलायची सोयच नाही. जागेवरून शोधायचं असेल तर '३,४०' अशी स्ट्रिंग बनवा आणि ती की करा. मधला स्वल्पविराम विसरू नका. नाहीतर (३, ४०) आणि (३४, ०) दोन्ही '३४०'.

जुनाखोंड

सी++ मध्ये पेअर (दोन किमतींची जोडी) अनऑर्डर्ड मॅपची (तिथला हॅशमॅप) की करायला जा, कंपायलर पानभर एरर ओततो, कारण पेअरसाठी तयार हॅश दिलेलाच नाही. आणि चौकटी कंसाने नुसतं 'आहे का' बघायला गेलात तर नसलेली नोंद तयार होते. बघायचं असेल तर फाइंड वापरा.

अर्धविराम

आता खरी अडचण. माउस क्लिक केला की त्याखालचा बिंदू शोधायचाय. जागेचं रेकॉर्ड की करून हॅशमॅप केला. पण लोक बिंदूवर नेमकं कुठे क्लिक करतात! (३, ४०) चा बिंदू आणि क्लिक (५, ३८) वर. हॅशला जवळपास कळत नाही म्हणालात. मग ट्रीमॅप?

बाकीशून्य

ट्रीमॅप एकाच दिशेने क्रम लावतो. एक्सवर लावलात तर एक्स जवळ आणि वाय मैलभर लांब असे ढीगभर बिंदू हाती येतील.

कॅनव्हासचे ६४ पिक्सेलचे चौकोन पाडा. बिंदूचा एक्स आणि वाय ६४ ने भागा, येणारी जोडी ही त्या चौकोनाची की. मॅप असा: चौकोन ते त्यातल्या बिंदूंची लिस्ट. कम्प्युटइफअ‍ॅब्सेंटने लिस्ट नसेल तर तयार करून बिंदू टाकायचा. क्लिक झालं की तो चौकोन आणि आजूबाजूचे आठ, अशा नऊ लिस्ट चाळायच्या आणि त्यातला सगळ्यात जवळचा घ्यायचा. बिंदू बऱ्यापैकी पसरलेले असतील तर दहा हजारांतले मोजके तपासावे लागतात. प्रत्येक चौकोनाची लिस्ट छोटी, म्हणजे जुनाखोंड यांचाही मान राहिला.

एक खाच आहे. कॅनव्हास डावीकडे सरकवता येत असेल तर एक्स ऋण होतो. जावात -१० भागिले ६४ चं उत्तर ० येतं, आणि १० भागिले ६४ चंही ०. म्हणजे शून्याच्या दोन्ही बाजूंचे बिंदू एकाच चौकोनात कोंबले जातात. साधा भागाकार न करता मॅथमधलं फ्लोअरडिव्ह वापरा, ते -१० ला -१ देतं.

अर्धविराम

अगदी! शून्यापाशीच गर्दी दिसत होती. फ्लोअरडिव्हने गेली.

म्हणजे आता एकच बिंदू तीन ठिकाणी: निवडीच्या सेटमध्ये, चौकोनांच्या मॅपमध्ये, आणि प्रत्येक बिंदूला नाव दिलंय म्हणून नाव ते बिंदू अशा मॅपमध्येही. मेमरी तिप्पट लागत नाही ना?

तळटीप

बिंदू एकच, बाकी सगळीकडे त्याचे संदर्भ. मेमरी जाते ती नोडची. पण बिंदू पुसताना तिन्हींतून काढायला हवा. एकात राहिला तर गार्बेज कलेक्टर (नको असलेले ऑब्जेक्ट मेमरीतून साफ करणारा) त्याला हात लावणार नाही.

मधलीसुट्टी

आणि काढताना फॉर लूपमध्येच रिमूव्ह करू नका. कॉन्करंट मॉडिफिकेशनचं एक्सेप्शन बसेल. रिमूव्हइफ वापरा.

बाकीशून्य

तीन कलेक्शन्स असली तरी हरकत नाही, ती तीन जणांच्या हाती नकोत. 'बिंदूसंग्रह' असा एक क्लास करा, तिन्ही त्याच्या आत खाजगी. बाहेरून फक्त टाका, काढा, हलवा, नाव बदला. बिंदूच्या क्लासमध्ये सेटएक्स नावाची मेथड बाहेरच्यांसाठी ठेवूच नका, नाहीतर कोणीतरी परस्पर बिंदू हलवेल आणि चौकोनांच्या मॅपला पत्ता लागणार नाही.

'हलवा'मध्ये क्रम पाळा: जुन्या चौकोनाच्या लिस्टमधून काढा, जागा बदला, नव्या चौकोनात टाका. चौकोन तोच असेल तर फक्त जागा बदला. ओढताना बहुतेक वेळा तेच होतं, त्यामुळे हे स्वस्त पडतं.

शून्यापासून

नाव बदलताना पण असंच? जुन्या नावाची नोंद रिमूव्ह, मग नव्या नावाने पुट?

बाकीशून्य

हो, पण नवं नाव आधीच दुसऱ्या बिंदूचं असेल तर पुट गुपचूप त्याच्यावर लिहितं. तो दुसरा बिंदू कॅनव्हासवर दिसत राहतो, नावाने मात्र कधीच सापडत नाही. पुटऐवजी पुटइफअ‍ॅब्सेंट करा. नल परत आलं तर नाव मोकळं होतं, मग जुनं नाव काढा. काही वेगळं आलं तर 'हे नाव घेतलेलं आहे' असं सांगा आणि जुन्या नोंदीला हात लावू नका. आधी काढून मग टाकायला गेलात आणि टाकणं फसलं, तर बिंदू दोन्ही नावांना मुकतो.

अर्धविराम

आणि नवं नाव म्हणून तेच जुनं नाव दिलं तर? पुटइफअ‍ॅब्सेंट 'घेतलेलं आहे' म्हणेल.

बाकीशून्य

परत आलेला बिंदू आणि हातातला बिंदू == ने ताडून बघा. तोच असेल तर काही न करता बाहेर पडा.